उलटली तरी उभी राहणारी होडी

1990 सालच्या 10 मार्चला हैदराबादच्या हुसेनसागरात बुद्ध बुडाला. रायगीरच्या एकाच पांढऱ्या ग्रॅनाइटमधून घडवलेली, सतरा-अठरा मीटर उंचीची आणि शेकडो टन वजनाची मूर्ती सपाट तराफ्यावर चढवून तळ्यामधल्या खडकाकडे नेत होते. काठापासून फार दूर गेलेही नव्हते, तोच तराफा कलला, मूर्ती घसरली आणि तळाशी गेली. सोबतची माणसंही दगावली. मूर्ती वर काढून चौथऱ्यावर उभी करायला 1 डिसेंबर 1992 उजाडला. आज तळ्याच्या बांधावर, टँक बंडवर, मिरची बज्जी खात तिचा फोटो काढणाऱ्यांपैकी निम्म्यांना हा इतिहास ठाऊकही नसेल.

तराफा रुंद असतो, त्यामुळे सरळ असताना तो भक्कम वाटतो. थोडा कलला तर खाली गेलेली बाजू जास्त पाणी बाजूला सारते, पाणी तिला वर ढकलतं आणि तराफा पूर्ववत होतो. पण सगळं वजन पाण्याच्या वर रचलेलं असलं, की एका कोनापलीकडे तेच वजन त्याला उलटण्याच्या दिशेने ओढू लागतं. त्यात ते घसरलं, तर सावरायला वेळच उरत नाही.

याच तळ्यावर दर पावसाळ्यात वेगळा देखावा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये दख्खनवर पश्चिमेचा वारा सुटला की ‘हैदराबाद सेलिंग वीक’च्या शर्यती भरतात आणि लेझर जातीच्या होड्यांची शिडं पाण्यावर पसरतात. लेझर म्हणजे सव्वाचार मीटर लांबीची, साठेक किलोची, एका माणसाने चालवायची फायबरग्लासची होडी. सात चौरस मीटरचं एकच शीड. वारा वाढला की खलाशी पायपट्ट्यात पाय अडकवून अख्खं अंग होडीबाहेर टाकतो. वाऱ्याच्या रेट्याला तोलणारं वजन त्याचं स्वतःचंच. जरा अंदाज चुकला की होडी आडवी. मग पोरगं पोहत जाऊन होडीच्या बुडातून निघणाऱ्या, आता पाण्याबाहेर आलेल्या डॅगरबोर्डच्या फळीवर चढतं, काठ धरून मागे रेलतं, शीड पाण्यातून सुटतं आणि होडी उभी राहते. मिनिटभराचं काम. तळ्यावर याला कुणी अपघात म्हणत नाही.

आता हीच गोष्ट किनाऱ्यापासून दोन हजार मैलांवर, रात्री, तीन आठवड्यांच्या प्रवासाच्या मध्यावर घडली तर? तिथे कुणी चोवीस तास अंग बाहेर टाकून बसू शकत नाही. माणसाला झोपायचं असतं, शिजवायचं असतं, कधी आजारीही पडायचं असतं. त्यासाठी लागते ती तिसऱ्या जातीची होडी: लांब पल्ल्याची शिडाची नौका, म्हणजे क्रूझर. तिची रचना पाहताना एक गोष्ट मनाशी धरली की बाकीचं आपोआप उलगडत जातं. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक भाग तिच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट तासाचा विचार करून ठरवलेला असतो. वेग, सोय, देखणेपण यांचा नंबर त्यानंतर.

हैदराबादपासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास. तरी या शहरातल्या मुलीने अशी नौका पृथ्वीभोवती फिरवून आणली आहे. 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाची ‘तारिणी’ गोव्याहून निघाली, तेव्हा तिच्यावर सहा महिला अधिकारी होत्या. कप्तान वर्तिका जोशी. सोबत प्रतिभा जामवाल, स्वाती पी., विजया देवी, पायल गुप्ता आणि हैदराबादच्या ऐश्वर्या बोड्डापाटी. ऑस्ट्रेलियातलं फ्रीमँटल, न्यूझीलंडचं लिटल्टन, फॉकलंड बेटांवरचं पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन करत त्या 21 मे 2018 ला परतल्या. वाटेत दक्षिण अमेरिकेच्या टोकाचं केप हॉर्न ओलांडलं.

तारिणी ही ‘म्हादेई’ची धाकटी बहीण. भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी यांची. फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहणाऱ्या या माणसाने ती नौदलाच्या गळी उतरवली. नौका बांधायला गोव्यातल्या दिवाडी बेटावरचे रत्नाकर दांडेकर पुढे आले, चालवायला कमांडर दिलीप दोंदे. आराखडा नेदरलँड्सच्या व्हॅन डी स्टाट संस्थेचा, ‘टोंगा 56’ या नावाचा. फेब्रुवारी 2009 मध्ये म्हादेई नौदलात आली आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दोंदे मुंबईहून निघाले. पुढच्या मे महिन्यात ते चार थांबे घेऊन परत आले. अशी प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी याच नौकेतून कुठेही न थांबता गेले. तारिणी त्याच आराखड्यावर, त्याच दांडेकरांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधली गेली. लांबी सतरा मीटर, वजन 23 टनांच्या आसपास, डोलकाठी 25 मीटर. कवच लाकडी गाभ्याचं, आत-बाहेर फायबरग्लास.

हे फायबरग्लास म्हणजे काय, ते जरा सावकाश पाहू. कारण त्याच्याशिवाय आजच्या शिडाच्या नौकांचा विचारच करता येत नाही.

काच ठिसूळ, हा आपला रोजचा अनुभव. पण काच फुटते ती मुख्यतः तिच्या पृष्ठभागावरच्या बारीक चिरांमुळे. वितळलेल्या काचेचा दहा-पंधरा मायक्रॉन जाडीचा तंतू ओढला, तर त्यात अशा चिरांना फारसा वाव राहत नाही आणि तो ताणायला विलक्षण चिवट निघतो. अडचण एवढीच, की तंतू म्हणजे शेवटी दोराच. ताण सहन करतो, दाब नाही. म्हणून तो रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बसवायचा. रेझिन तंतूंना जागच्या जागी धरतं, एकाचा भार शेजारच्याला देतं आणि पाण्यापासून सांभाळतं. दोघांपैकी एकट्याने कुणीच होडी बांधू शकत नाही.

कारखान्यात हे काम बघण्यासारखं असतं. होडीच्या आकाराचा पोकळ साचा आतून आरशासारखा घासलेला, त्यावर मेणाचे थरावर थर, म्हणजे माल चिकटून बसायला नको. पहिला थर जेलकोटचा, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. होडीची बाहेरची चकाकी ती हीच. जेलकोट बोटाला चिकट लागतो पण बोटावर येत नाही, अशा अवस्थेला आला की काचतंतूंची मॅट अंथरायची. रेझिनमध्ये एक-दोन टक्के हार्डनर मिसळला की घड्याळ सुरू होतं. उन्हाळ्यात बादलीतलं रेझिन पंधरा-वीस मिनिटांत घट्ट व्हायला लागतं, त्यामुळे पाहिजे तेवढंच कालवतात. कोरडी मॅट पांढरी दिसते. रेझिन मुरत गेलं की पारदर्शक होत जाते. कारागीर खाचांचा धातूचा रोलर फिरवत राहतो तो याचसाठी. कुठे पांढरा ठिपका उरला म्हणजे तिथे हवा अडकलेली आहे, आणि दहा वर्षांनी दुखणं उपटणार ते तिथेच. मॅटवर जाड विणीचं कापड, पुन्हा मॅट, पुन्हा कापड. एकदम जाड थर चढवता येत नाहीत, कारण घट्ट होताना रेझिन तापतं आणि जास्त तापलं की तडकतं किंवा वाकतं. रेझिन जास्त झालं तर वजन वाढतं, बळ वाढत नाही. रेझिनमधल्या स्टायरीनचा तो डोकं चढवणारा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही.

नुसत्या काच-रेझिनचा पत्रा मजबूत असला तरी लवचिक असतो, मोठ्या पृष्ठभागावर तो थरथरतो. जाडी वाढवली तर वजन बेसुमार वाढतं. त्यावर उपाय गाभ्याचा. कुठल्याही पाटीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाने वाढतो; जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट. मग मध्ये हलका गाभा, म्हणजे बाल्सा लाकूड, फोम किंवा सीडरच्या पट्ट्या, घालून दोन्ही बाजूंनी फायबरग्लास चढवलं, तर जाडी मिळते आणि वजन फारसं वाढत नाही. वाकताना एक कातडी ताणली जाते, दुसरी दाबली जाते, गाभा दोघींमधलं अंतर टिकवतो. म्हादेई-तारिणीच्या कवचाचं तत्त्व हेच. शिवाय एक-दोनच नौका बांधायच्या असतील तर महागडा साचा करण्याची गरज पडत नाही. पट्ट्या जोडून आधी आकार उभा करायचा आणि मग त्याच्यावर काच चढवायची.

लाकडी गलबतांच्या पिढीला यातली कोणती गोष्ट सर्वांत अद्भुत वाटली असती? मला वाटतं, सांधा नसणं. 1964 मध्ये मुंबईत कुलाब्याला ‘सुहेली’ नावाची बत्तीस फुटी सागवानी नौका बांधली गेली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी तिच्यातूनच 1968-69 मध्ये कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीभोवती गेला. तसं करणारा जगातला पहिला माणूस. पण वाटेत फळ्यांच्या फटींतून पाणी येऊ लागलं आणि भर समुद्रात बुडी मारून त्याला त्या बुजवाव्या लागल्या. फायबरग्लासच्या कवचाला फळ्याच नाहीत, तर फट कुठून येणार. अमेरिकेत रे ग्रीनने 1942 मध्ये काच-रेझिनची छोटी होडी केली होती. पण 1959 च्या न्यूयॉर्क बोट शोमध्ये पिअरसन कंपनीची अठ्ठावीस फुटी ‘ट्रायटन’ आली आणि बाजार फिरला. एकदा साचा केला की त्यातून शेकडो नौका काढता येतात, हे सगळ्यांना दिसलं. शिडाची नौका मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती तेव्हा, तिकडे तरी. त्या काळच्या कारखानदारांना या नव्या मालाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी गरजेपेक्षा जाड कवचं केली. त्यांच्या त्या भीतीमुळे त्या काळातल्या कितीतरी नौका आजही पाण्यावर आहेत.

कवच कितीही भक्कम असलं तरी ते उलटं तरंगत राहिलं तर उपयोग नाही. तिथे येते कील.

क्रूझरच्या बुडाखाली एक जड कणा असतो, बहुधा शिशाचा. ‘रसलर 36’ ही इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये बांधली जाणारी फायबरग्लासची छत्तीस फुटी नौका उदाहरणाला घेऊ. पुढे तिच्याशी आपला संबंध येणार आहे. तिचं एकूण वजन सुमारे साडेसात टन, त्यातलं जवळपास साडेतीन टन नुसतं तळाचं शिसं. म्हणजे मालक पैसे मोजतो त्यातला मोठा भाग पाण्याखाली कायमचा दडलेला, एरवी निरुपयोगी. होडी उजवीकडे कलली की शिसं डावीकडे उचललं जातं आणि तिला परत ओढतं. जितकी जास्त कलेल तितकी ओढ वाढते. अगदी आडवी होऊन डोलकाठी पाण्याला टेकली तरी शिसं आपलं काम करतच असतं. चांगली क्रूझर 120-130 अंशांपर्यंत कलूनही परत येते. तराफ्याची कथा त्याच्या कितीतरी आधी संपते. हुसेनसागरातल्या पोराचं अंग बाहेर टाकणं, ते काम इथे शिसं करतं, आणि शिसं थकत नाही.

रुंदीचा प्रश्न मात्र फसवा आहे. रुंद होडी बंदरात डगमगत नाही, आत जागा भरपूर, विकायला सोपी. पण ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंड-आयर्लंडच्या समुद्रात फास्टनेट शर्यतीवर वादळ कोसळलं. 303 नौका उतरल्या होत्या. कित्येक उलट्यापालट्या झाल्या, शर्यतीतले पंधरा खलाशी गेले. नंतरच्या अभ्यासातून जे निघालं ते विचार करायला लावणारं होतं. रुंद आणि हलकी नौका एकदा पूर्ण उलटली की तशीच उलटी राहायला राजी असते. रुंदीमुळे ती जशी सुलटी स्थिर, तशीच उलटीही स्थिर. अरुंद, जड नौका उलटी राहू शकत नाही. पुढची लाट तिला सहज परतवते. त्या शर्यतीत सर्वांत लहान नौकांच्या गटातून एकटी ‘असेंट’ शेवटपर्यंत पोहोचली. ती होती ‘काँटेसा 32’, फायबरग्लासची, अरुंद आणि खोल.

तेव्हापासून एक साधा आकडेमोडीचा ठोकताळा रूढ आहे. नौका आपल्या वजनाइतकं किती घनफूट पाणी बाजूला सारते ते काढायचं, त्याचं घनमूळ घ्यायचं आणि रुंदीच्या फुटांना त्याने भागायचं. उत्तर 2 पेक्षा कमी आलं तर नौका खोल समुद्राला लायक. रसलरची रुंदी 11 फूट, घनमूळ 6.4, उत्तर 1.72. ठोकताळाच तो, गाभ्याची किंवा कीलची परीक्षा तो करत नाही. पण दुकानदार केबिनची प्रशस्तता दाखवत असताना हा भागाकार मनात करून पाहणारं गिऱ्हाईक शहाणं.

वेगाबद्दल बोलायचं तर शिडाची जड नौका वेगवान होऊच शकत नाही. ती पाणी कापत जाते तेव्हा पुढे एक आणि मागे एक अशी लाट उभी राहते. वेग वाढला की या दोन लाटांमधलं अंतर वाढतं आणि शेवटी नौका आपल्याच लाटेच्या खळग्यात अडकते. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, वर्गमूळ काढा, 1.34 ने गुणा. मिळतो तो साधारण कमाल वेग, नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत. रसलरची ती लांबी सुमारे 27 फूट, म्हणजे वेग 7 नॉट, ताशी 13 किलोमीटर. लेझर हलकी असल्यामुळे लाटेवर चढून तरंगत सुटते, तिला ही मर्यादा नाही. आणि 7 नॉट ही झाली वरची मर्यादा. तारिणीने 254 दिवसांत जे 21,600 सागरी मैल कापले, त्यातले प्रत्यक्ष समुद्रावरचे दिवस 199. भागाकार केला तर सरासरी साडेचार नॉट, ताशी आठ किलोमीटरच्या वर थोडंसं. सकाळी टँक बंडवर धावायला येणारा माणूस साधारण याच वेगाने धावतो. फरक एवढाच, की तारिणी रात्री थांबत नव्हती.

आता सुकाणू. जुन्या धाटणीच्या नौकांत कील लांबलचक असते आणि सुकाणूचं पातं तिच्याच मागच्या कडेला जोडलेलं. समुद्रात तरंगणारा ओंडका आधी कीलला धडकतो, सुकाणू बचावतं. नव्या नौकांत कील आखूड, सुकाणू मागे मोकळं लटकणारं. नौका झटकन वळते, जलद जाते, बंदरात लावायला सोपी. पण तो एक दांडा वाकला की सगळं संपलं. यात कोणतं बरं यावर खलाशांत जन्मभर वाद चालतात. तळ्याकाठी फिरायचं असेल तर दुसरं घ्यावं, अंटार्क्टिकाच्या दिशेने जायचं असेल तर मी पहिलं घेईन. सुकाणूचं दुखणं किती महागात पडतं ते तारिणीलाही कळलं. घराकडे परतताना, एप्रिल 2018 मध्ये, तिच्या सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरवलेला मार्ग सोडून दुरुस्तीसाठी मॉरिशसचं पोर्ट लुई गाठावं लागलं.

एकटा माणूस चोवीस तास सुकाणू धरू शकत नाही. विजेवर चालणारा ऑटोपायलट असतो, पण तो बॅटरी खातो. म्हणून मागे वाऱ्यावर चालणारं एक यंत्र बसवतात. हवेत उभं पातं, त्याला सांधे-दांड्यांनी जोडलेली पाण्यातली एक वल्ह्यासारखी पट्टी. नौका वाऱ्याशी ठरलेल्या कोनातून हलली की वरचं पातं झुकतं, खालची पट्टी वळते, वाहत्या पाण्याचा जोर तिला बाजूला ढकलतो आणि तो जोर सुकाणूला नौका परत वळवायला लावतो. वीज नाही, इंधन नाही. जेवढा वारा जास्त तेवढी ताकद जास्त.

डेकवर आलो की आधी कॉकपिट, म्हणजे सुकाणू धरून बसायची खोलगट जागा. तळ्यावर हिंडायच्या होडीत ती ऐसपैस असते. समुद्रावरच्या नौकेत ती मुद्दाम आटोपशीर ठेवतात, कारण मागून लाट फुटून आत आली तर ते पाणी म्हणजे एकाएकी चढलेला टन-दीड टन बोजा असतो. पाणी झटकन निघून जावं म्हणून तळाला जाड नळ्या, आणि केबिनमध्ये उतरायच्या दाराला उंच उंबरठा. दार म्हणजे खाचेत वरून सरकवायच्या फळ्या. वादळात सगळ्या बसवतात आणि वरून झाकण ओढून घेतात. डेकवर पुढून मागपर्यंत दोन पट्टे ताणलेले असतात. बाहेर पडायचं तर अंगावरच्या पट्ट्याची कडी आधी त्यात अडकवायची, मग दुसरा पाय बाहेर. नौका शिडावर निघून गेली तर पाण्यात पडलेल्या एकट्या खलाशाला वाली नाही.

डोलकाठी बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची, आता मोठ्या नौकांवर कार्बनचीही. तिला पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी स्टीलच्या तारांनी ताणून धरतात. तारिणीची पंचवीस मीटरची डोलकाठी केप टाऊनला बनवलेली. इतक्या उंचीवर शीड फडकलं की त्याची तरफ केवढी होत असेल, विचार करा. त्यामुळे वारा वाढला की शीड गुंडाळून लहान करायचं. आणखी वाढला की ते उतरवून टाकायचं आणि जाड कापडाचं, भडक रंगाचं, टॉवेलएवढं वाटणारं वादळी शीड चढवायचं. ‘आता शीड कमी करावं का’ असा प्रश्न पडला, की उत्तर नेहमी ‘करावं’ असंच असतं, असं जुने खलाशी सांगतात.

आतलं घर बघणाऱ्याला नेहमी अरुंद वाटतं. ते तसंच हवं. कलणाऱ्या नौकेत माणूस फेकला गेला तर दोन फुटांवर काहीतरी धरायला सापडलं पाहिजे, सहा फुटांवर नव्हे. पुढच्या टोकाला असलेला दिवाणखान्यासारखा पलंग समुद्रावर कुणी वापरत नाही; तिथे उसळी सर्वांत जास्त. झोपायचं मध्यावर, कडेच्या अरुंद बाकावर, बाजूला कापडी पडदा ताणून बांधून, म्हणजे गडगडून खाली पडायला नको. शेगडी दोन खिळींवर झुलती टांगलेली असते. नौका एकीकडे कलते, शेगडी आपली सपाट राहते. सांबाराचं भांडं क्लॅम्पमध्ये आवळलेलं. पिण्याचं पाणी वेगवेगळ्या टाक्यांत, एक नासली तरी दुसरी हाताशी असावी म्हणून. त्याशिवाय खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र. पुढच्या भागात पाणी न शिरणारी भिंत, म्हणजे नाळ कशावर आपटून फुटली तरी पाणी पुढच्याच कप्प्यात अडकतं. जड वस्तू शक्य तितक्या खाली आणि मध्यावर, आणि सगळ्या बांधलेल्या. बॅटऱ्याही. नौका उलटी झाली की बाकाखालची तीस किलोची बॅटरी छतावरून तुमच्याकडे येणार, हे गृहीत धरूनच पट्टे आवळायचे.

ही उलटी होण्याची भाषा अतिशयोक्ती वाटत असेल तर अभिलाष टॉमींचं उदाहरण आहे. 2018 मध्ये सुहेलीच्या धर्तीवर गोव्यातच बांधलेली लाकडी ‘थुरिया’ घेऊन ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. जुन्या पद्धतीच्या, लांब कीलच्या, बत्तीस ते छत्तीस फुटी नौकाच या शर्यतीत चालतात. 21 सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने थुरियाला लोळवलं, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. त्यांना अंथरुणातून हलता येईना. पण नौका सरळ झाली होती आणि पाण्यावर होती. नौदलाच्या विमानाने ती शोधली, तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तोपर्यंत त्यांना जिवंत ठेवलं ते मोडक्या डोलकाठीच्या, पण न बुडणाऱ्या त्या कवचाने.

त्याच शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक फायबरग्लासच्या रसलर 36 ने पटकावले होते. चार वर्षांनी, कण्यात धातूचे तुकडे घेऊन, टॉमी पुन्हा उतरले ते रसलर 36 घेऊनच. नाव ‘बयानात’. वाऱ्यावर चालणारं सुकाणूचं यंत्र वारंवार मोडलं, बोटीतल्याच फळ्या कापून ते दुरुस्त करत राहिले आणि 29 एप्रिल 2023 रोजी फ्रान्सच्या ले साब्ल-दोलोन बंदरात दुसरे आले. पहिली आलेली कर्स्टन नॉयशेफर त्यांच्यापुढे दोनच दिवस होती.

फायबरग्लास कुजत नाही, गंजत नाही, वाळवी लागत नाही. म्हणून अमर मात्र नव्हे. जेलकोट पूर्णपणे जलाभेद्य नसतो. वर्षानुवर्षं पाण्यात असलेल्या कवचात पाण्याचे रेणू झिरपतात, आत अर्धवट राहिलेल्या रसायनांत मिसळतात आणि तो द्राव आणखी पाणी ओढून घेतो. मग कवचाच्या खालच्या बाजूला वाटाण्याएवढे फोड येतात; फोडले की आंबूस वासाचं पाणी निघतं. रोलर फिरवताना राहिलेले पांढरे ठिपके हिशेब मागतात ते आता. गाभ्याच्या नौकेत याहून वाईट म्हणजे डेकवरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकातून पावसाचं पाणी आत जाणं. लाकूड भिजतं, कातडी सुटते, आणि वरून काहीच दिसत नाही.

तारिणीने पहिल्या प्रदक्षिणेनंतर ऑक्टोबर 2024 ते मे 2025 मध्ये दुसरी केली, लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच तिच्यावर होत्या. एवढी ये-जा केलेल्या नौकेची तपासणी कशी करतात हे पाहिलं तर गंमत वाटते. ओलावा मोजायचं यंत्र असतं, पण अनुभवी सर्व्हेअरचा भरवसा प्लास्टिकच्या छोट्या हातोडीवर जास्त. नौका पाण्याबाहेर काढून वाळवतात आणि तो तासन्‌तास ठोकत फिरतो. चांगल्या जागी खणखणीत आवाज येतो, थर सुटलेल्या जागी बद्द. तिथे खडूने वर्तुळ काढतो आणि पुढे जातो. डोलकाठीच्या तारा, कील धरणारे बोल्ट, सुकाणूचे सांधे यांच्याकडे त्याचं लक्ष कवचापेक्षा जास्त असतं, कारण आधी मोडतात ते हेच.

आणि नौका खरोखरच निकामी झाली, तर तिचं करायचं काय, याला चांगलं उत्तर अजून नाही. लाकूड जाळता येतं, पोलाद वितळवता येतं. काच आणि घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वेगळं करणं महाग पडतं. फ्रान्समध्ये 2019 पासून जुन्या नौका गोळा करून मोडण्याची देशव्यापी व्यवस्था आहे, त्यासाठीचा निधी नव्या नौका विकणाऱ्यांकडून येतो. जर्मनीत तुकडे सिमेंटच्या भट्टीत घालतात. रेझिन इंधन म्हणून जळतं, काच सिमेंटमध्ये मिसळते. आपल्याकडे फायबरग्लासच्या मासेमारी होड्या किनारभर झाल्या आहेत, आणि त्यातल्या जुन्या झालेल्या अजून तरी वाळूतच पडून असतात.